बी कोण आणणार?

जमीन उघडी पडली की रान आपोआप येते, अशी आपली पक्की समजूत आहे आणि वरवर पाहता ती खोटीही वाटत नाही. चार-पाच वर्षे न कसलेल्या वरकस जमिनीत करवंदीच्या जाळ्या माजतात. पडक्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ डोके काढतो, बुजत चाललेल्या विहिरीच्या कठड्यात उंबर रुजतो. पाऊस आहे, माती आहे, बाकीचे निसर्ग बघून घेईल, असे म्हणून आपण पुढे जातो. पण त्या भिंतीतल्या पिंपळाचे बी कुणीतरी तिथे आणून टाकलेले असते. साळुंकीच्या, बुलबुलाच्या नाहीतर वटवाघळाच्या पोटातून ते आलेले असते. आणणारा नसता तर भिंत कितीही ओलसर असली तरी मोकळीच राहिली असती.

शाळेत शिकवले जाणारे अनुक्रमणाचे चित्र या आणणाऱ्याला वगळूनच काढलेले असते. उघड्या खडकावर आधी दगडफूल येते, मग शेवाळ. त्यांच्या कुजण्यातून माती होते, मातीवर गवत, गवतातून झुडपे आणि झुडपांच्या सावलीत वृक्ष. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीसाठी जागा तयार करून देते. या चित्रात सगळ्या झाडांचे बी सगळीकडे कायम हजर असते आणि फक्त जमीन तयार होण्याची वाट पाहत असते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. नव्याने उघड्या पडलेल्या जमिनीवर काय उगवेल, कोणत्या क्रमाने उगवेल आणि शंभर वर्षांनी तिथे कसले रान उभे असेल, याचा पहिला निकाल बी पोचवणारे लावतात. माती महत्त्वाची आहेच, पण जे दारापर्यंत आले त्यांच्यातूनच तिला निवड करता येते. हे एकदा मान्य केले की उजाड जमीन हिरवी करण्याच्या आपल्या कार्यक्रमांकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

याचा सर्वांत कठोर पुरावा सुंदा सामुद्रधुनीत आहे. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या क्राकाटोआ बेटाचा २७ ऑगस्ट १८८३ रोजी स्फोट झाला. बेटाचा दोन तृतीयांश भाग समुद्रात गेला. उरलेला राकाता आणि शेजारची सेर्तुंग व पांजांग ही बेटे गरम राखेच्या जाड थराखाली गाडली गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथे उतरलेल्या एदमों कोतो या फ्रेंच प्रवाशाला पुष्कळ शोधूनही एकच जीव दिसला, जाळे विणणारा एक बारीकसा कोळी. हिरवे काहीच नव्हते. बोगोरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक मेल्खिओर ट्रॉब १८८६मध्ये तिथे गेले, तेव्हा राखेवर नीलहरित शैवालाचा बुळबुळीत पापुद्रा चढला होता, नेच्यांच्या अकरा जाती होत्या आणि काही सपुष्प वनस्पतीही आल्या होत्या. राखेखाली एखादे मूळ, एखादे बी जिवंत राहिले असेल काय, हा प्रश्न पुढे बरीच वर्षे गाजला. बॅकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर १९२९मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. ती शंका रास्त होती. तरीही कोणत्या जाती कोणत्या क्रमाने दिसू लागल्या हे पाहिले, की त्यामागे वाहतुकीचाच हिशेब उघड दिसतो.

पहिली तुकडी समुद्राने आणली. ती कोकणातल्या माणसाच्या ओळखीची आहे: पुळणीवर मर्यादवेल, तिच्या मागे उंडी. मर्यादवेलीचे वाळलेले बोंड फोडून पाहावे. आत साधारण चार काळपट तपकिरी बिया असतात आणि त्यांच्यावरची मखमली लव बोटाला जाणवते. कवच टणक, आतमध्ये थोडी हवा. ही बी खाऱ्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगते आणि कुजत नाही. किनाऱ्याला लागल्यावर वाळूत घासून कवच झिजले की मगच आत पाणी शिरते आणि कोंब फुटतो. चार्ल्स डार्विनने इंग्लंडमध्ये असेच प्रयोग केले होते. ८७ जातींच्या बिया त्याने २८ दिवस खाऱ्या पाण्यात ठेवल्या, त्यांतल्या ६४ जातींच्या त्यानंतरही रुजल्या. समुद्र हा अडसर आहे तसा रस्ताही आहे, हे त्याने त्यातून ओळखले. मात्र हा रस्ता पुळणीपाशी संपतो. समुद्राने आलेली झाडे सहसा भरतीच्या रेषेजवळच राहतात, डोंगर चढत नाहीत.

डोंगर चढला वारा. नेच्यांचे बीजाणू धुळीपेक्षा हलके. त्यांच्या पाठोपाठ गवते, सूर्यफुलाच्या कुळातल्या म्हाताऱ्या आणि आमरी आल्या. काही वर्षे क्राकाटोआचा आतला भाग म्हणजे नेचे आणि उंच गवत यांचा माळ होता. त्याचे रान झाले ते पक्षी आणि वटवाघळे येऊ लागल्यावर. पंचवीसेक वर्षांत तिथे वड-उंबराच्या कुळातली झाडे उभी होती, आणि या कुळाची गोष्ट मोठी लक्षात घेण्याजोगी आहे. उंबराची एकेक बी खसखशीहून फार मोठी नसते. एका फळात अशा शेकडो बिया. पक्षी फळ खातो, उडून जातो आणि दूर कुठेतरी शिटतो. पण झाड उभे राहिले म्हणून वंश चालत नाही. आपण ज्यांना उंबरातले किडे म्हणतो त्या इवल्याशा गांधीलमाश्याही तिथवर पोचाव्या लागतात, कारण या कुळातल्या बहुतेक झाडांचे परागीभवन त्यांची स्वतःची, ठरावीक जातीची माशीच करते. म्हणजे बी आणणारा एक आणि ते झाड पुन्हा बीवर आणणारा दुसरा, असे दोघे समुद्र ओलांडून आले तेव्हा कुठे क्राकाटोआवर ही झाडे वाढली. आणि एकदा ती फळू लागली की फळे खायला येणारा प्रत्येक पक्षी इतर झाडांचे बी पोटात घेऊन येऊ लागला. रान वाढण्याचा वेग तिथून बदलला.

कोण आले याइतकेच कोण आले नाही हेही पाहिले पाहिजे. त्या भागातल्या सखल, जुन्या रानांचे राजे म्हणजे डिप्टेरोकार्प कुळातले उंच वृक्ष. शंभर वर्षे उलटून गेली, बेटावर दाट रान झाले, माती साठली, सावली झाली, पाऊस तर भरपूरच. तरी या वृक्षांनी क्राकाटोआवर बस्तान बसवलेले नाही. त्यांच्या फळाला पंख असतात, पण फळ जड. ते गरगरत आईच्या आसपासच पडते. बहुतेकांची बी सुप्तावस्थेत राहत नाही, लवकर रुजली नाही तर मरते. चाळीसेक किलोमीटरचा समुद्र तिला ओलांडता येत नाही आणि तिला गिळून उडणारा पक्षी नाही. जागा तयार असणे आणि झाड असणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, ते इथे दिसते.

शिवाय ही तीनही बेटे एकाच स्फोटात उजाड झाली, एकाच हवामानात आहेत, एकमेकांपासून हाकेच्या नसली तरी नजरेच्या टप्प्यात आहेत. तरी त्यांची राने सारखी झाली नाहीत. राकातावर निओनॉक्लिया या वाऱ्याने पसरणाऱ्या वृक्षाचे राज्य झाले. सेर्तुंग आणि पांजांगवर टिमोनियस आणि डिसोझायलम यांचे झाले, आणि या दोघांचे बी पक्षी-वटवाघळे नेतात. १९३०पासून या बेटांच्या मधोमध वर आलेल्या अनाक क्राकाटोआ या ज्वालामुखीची राख या दोन बेटांवर जास्त पडली, हे त्याचे एक कारण आहे. पण रॉबर्ट व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९पासून तिथे केलेल्या कामातून हेही पुढे आले की कोण आधी पोचले आणि कुणाचे बी त्या वेळी जवळ उपलब्ध होते, याचाही या फरकात वाटा आहे. आधी आलेला जागा अडवून बसतो. मागून येणाऱ्याला, तो कितीही योग्य असला तरी, वाट पाहावी लागते.

क्राकाटोआचा अभ्यास तुटक झाला. सुर्त्से या बेटाचा मात्र पहिल्या दिवसापासून झाला. १४ नोव्हेंबर १९६३ला आइसलंडच्या दक्षिणेला समुद्रातून ज्वालामुखी वर येताना एका मासेमारी बोटीवरच्या लोकांनी पाहिला. जून १९६७मध्ये उद्रेक थांबला तेव्हा २.७ चौरस किलोमीटरचे बेट तयार झाले होते. लाटांनी पुढे त्यातले निम्मे गिळले. उद्रेक चालू असतानाच, १९६५मध्ये, बेटाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि अभ्यासकांखेरीज कुणालाही तिथे पाय ठेवायला बंदी झाली. २००८मध्ये ते जागतिक वारसा ठरले. जमीन जन्माला आल्यापासून तिच्यावर आलेले प्रत्येक रोप माणसाने टिपून ठेवले आहे अशा जागा जगात फार थोड्या, आणि सुर्त्से त्यांत अग्रणी आहे.

तिथेही सुरुवात समुद्राने केली. १९६५मध्ये पुळणीवर सी रॉकेटची रोपे दिसली आणि ज्वालामुखीच्याच राखेखाली गेली. पुढे होंकेनिया ही मांसल पानांची किनारी वनस्पती टिकली आणि आजही तिथल्या वाळूत तिचेच गालिचे आहेत. स्टुर्ला फ्रिद्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी येण्याच्या वाटा अक्षरशः हातात धरून पाहिल्या. समुद्रातून वाहत आलेल्या, स्केट माशाच्या अंड्यांच्या रिकाम्या, चामडी पिशव्या त्यांनी किनाऱ्यावर गोळा केल्या, तर त्यांच्या खरखरीत कडांना गवताचे बी अडकलेले. स्थलांतर करताना बेटावर उतरलेल्या हिमचिमण्यांच्या पेषणीत त्यांना बिया सापडल्या. त्या पेरल्या तेव्हा काही रुजल्या. पेषणीतले खडे पाहता ते पक्षी ब्रिटिश बेटांकडून आलेले होते. चिमणीएवढा पक्षी पोटात जिवंत बी घेऊन महासागर ओलांडतो, याचा हा पुरावा होता.

तरीही पहिली वीस वर्षे सुर्त्सेवर फारसे काही घडले नाही. वीसेक जाती येऊन गेल्या, त्यांतल्या निम्म्याच टिकल्या. मग १९८०च्या दशकाच्या मध्याला बेटाच्या दक्षिणेकडच्या लाव्ह्यावर कुरवांनी वसाहत केली आणि चित्र पालटले. कुरव खाणे शोधायला दूरवर जातात, घरट्यासाठी काटक्या-गवत आणतात, शिटतात. त्यांच्या वसाहतीत हिरवे कुरण तयार झाले. २००४पर्यंत नोंदल्या गेलेल्या सपुष्प आणि तत्सम वनस्पतींच्या जाती साठ झाल्या. अभ्यासकांचा अंदाज असा की सुर्त्सेवर आलेल्या जातींपैकी तीन चतुर्थांश पक्ष्यांनी आणल्या. वाऱ्याने आणलेल्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि समुद्राने आणलेल्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कुरवांनी बी आणले तसे खतही आणले. मग कुरण उगवले ते बियांमुळे की शिटीमुळे? आक्षेपात तथ्य आहे. वसाहतीबाहेरचा उघडा लाव्हा कित्येक वर्षे विरळच राहिला, आणि तिथे बी अजिबात पोचत नव्हते असे म्हणता येणार नाही. पण यातून माझे म्हणणे ढिले पडत नाही, उलट घट्ट होते. सुर्त्सेवर माती सुधारण्याचे कामही बी आणणाऱ्यानेच केले. आधी माती झाली, मग बी आले, असा क्रम तिथे नव्हता. एकाच पक्ष्याने दोन्ही आणले, आणि ज्या जागी तो बसला त्याच जागी आणले.

सुर्त्सेने शास्त्राची एक जुनी सवयही मोडली. बीला पंख असेल तर वारा, गर असेल तर पक्षी, काटा असेल तर जनावराचे अंग, असे बियांच्या घडणीवरून त्यांचा प्रवास ठरवायची ती सवय. सुर्त्सेवर पोचलेल्या बहुतेक वनस्पतींच्या बियांना लांबच्या प्रवासाची अशी कुठलीच खास सोय नाही. ना गर, ना पंख, ना तरंगण्याची घडण. त्या आल्या कारण कुरव, हंस आणि पाणथळीतले पक्षी त्या दिशेने जात होते. डार्विनने एका तितराच्या पायाला चिकटलेल्या चिखलाच्या गोळ्यातून ८२ रोपे उगवून दाखवली होती, त्याची इथे आठवण येते. आपण बीकडे पाहून अंदाज बांधतो. पाहायला हवे ते वाहकाकडे, तो कुठून निघतो, कुठे बसतो आणि कुठे फिरकतही नाही.

वारा तर सगळीकडे पोचणारा वाहक, मग वारा पुरेसा का पडत नाही? याचे उत्तर अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताने दिले. १८ मे १९८०च्या स्फोटाने पर्वताच्या उत्तरेचा उतार सरकला, खालचे सारे रान नाहीसे झाले आणि राखाडी प्यूमिसचे विस्तीर्ण मैदान उरले. त्या मैदानावर वाऱ्याने बी कमी पडू दिले नाही. फायरवीडच्या म्हाताऱ्या दूरच्या रानांतून उडत येत होत्या. येत होत्या आणि मरत होत्या. रॉजर डेल मोरल आणि डेव्हिड वुड यांनी तिथे वेगवेगळ्या जातींचे बी स्वतः पेरून पाहिले, तेव्हा कोडे उलगडले. वाऱ्यावर तरंगण्यासाठी बी हलकी असावी लागते, आणि हलकी बी म्हणजे अंगात शिदोरी नसलेली बी. कोरड्या, तापलेल्या, नायट्रोजन नसलेल्या राखेत तिच्या कोंबाला पाणी लागेपर्यंत तग धरता येत नाही. ज्या बियांत शिदोरी आहे त्या तिथे जगू शकतात, पण त्या जड, म्हणून तिथवर पोचत नाहीत.

उघड्या जमिनीचे खरे दुखणे हे आहे. जे येऊ शकतात त्यांना जगता येत नाही आणि ज्यांना जगता येते त्यांना येता येत नाही. अनुक्रमणाच्या साऱ्या सिद्धांतांत मला ही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती कळली की उजाड जमीन वर्षानुवर्षे उजाड का राहते हे कळते. तिथे झाडांना जगता येत नाही असे नेहमीच नसते. जगू शकणाऱ्या झाडाला आणणारा नसतो, असे पुष्कळदा असते.

सेंट हेलेन्सवर ही कोंडी फोडली लुपिनने, तीही योगायोगाने. लुपिन हे वाटाण्याच्या कुळातले बुटके झुडूप. त्याची बी जड, शेंग तडकली की हातभर अंतरावर पडते. तरी कशी कोण जाणे, काही बिया त्या मैदानात पोचल्या. लुपिनच्या मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नायट्रोजन राखेत उतरू लागला. जिथे पहिली रोपे लागली तिथे त्याची दाट बेटे झाली. तेवढ्याच, तशाच राखेचे बाकीचे मैदान मोकळे राहिले, कारण तिथे बी पडली नव्हती. पुढे या बेटांच्या कडांवर खोड पोखरणाऱ्या आणि पाने खाणाऱ्या अळ्यांनी हल्ला केला आणि लुपिनचा पसारा मंदावला, तो वेगळा विषय आहे. एका जड बीचा एक अपवादात्मक प्रवास त्या जागेची पुढची काही दशके ठरवून गेला, हे महत्त्वाचे.

पाठ्यपुस्तकी चित्राला सर्वांत मोठा धक्का मात्र त्याच्या माहेरीच बसला. अलास्कातल्या ग्लेशियर बे या उपसागरातून गेल्या अडीचशे वर्षांत हिमनद्या शंभर किलोमीटरहून अधिक मागे हटल्या. तोंडाशी सर्वांत जुनी उघडी जमीन आणि आत जावे तसतशी नवी. विल्यम कूपर यांनी १९१६मध्ये तिथे कायमचे चौकोन आखले आणि त्यांवरची वाढ नोंदायला सुरुवात केली. नव्या जमिनीवर ड्रायसची चटई, थोड्या जुन्या जमिनीवर आल्डरची झुडपे, सर्वांत जुन्या जमिनीवर स्प्रूसचे रान, असे दिसे. त्यावरून ठरले की प्रत्येक जागा याच पायऱ्यांनी चढते, आणि आल्डरने नायट्रोजन पुरवला की स्प्रूस येतो. ख्रिस्तोफर फास्टी यांनी दहा ठिकाणच्या झाडांची वर्तुळे मोजून प्रत्येक जागेचा खरा इतिहास काढला आणि १९९५मध्ये मांडला. सर्वांत जुन्या जागांवर आल्डरचा टप्पा महत्त्वाचा कधी नव्हताच. तिथे स्प्रूस आणि हेमलॉक लवकरच आले. आल्डरचे महत्त्व १८४०नंतर उघड्या पडलेल्या जागांपुरतेच होते. आणि सुरुवातीला कुठे किती स्प्रूस रुजला यातला ५८ टक्क्यांपर्यंत फरक एकाच गोष्टीने उलगडत होता. बर्फ हटले त्या वेळी बी देणारा सर्वांत जवळचा स्प्रूस किती दूर होता, ही ती गोष्ट.

वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारी शेजारी पाहून आपण त्यांना एकाच जागेचे वेगवेगळे टप्पे समजलो. प्रत्यक्षात प्रत्येक जागेचे शेजारी वेगळे होते, म्हणून त्यांचे इतिहास वेगळे झाले. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६मध्ये वनस्पतींच्या समूहाला एक सजीव देह मानले होते, जो जन्मतो, वाढतो आणि ठरलेल्या प्रौढ रूपाला पोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६मध्ये त्याला विरोध केला. समूह म्हणजे ज्या जातींचे बी तिथवर पोचले आणि जगले त्यांचा जमाव, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. ग्लेशियर बेच्या झाडांनी त्यांची बाजू बरीच उचलून धरली आहे.

हे सारे दूरदेशीचे ज्वालामुखी आणि हिमनद्या. पण उघडी जमीन आपणही रोज तयार करतो आहोत. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींनी मातीचे डोंगर रचून ठेवले आहेत. सह्याद्रीत दरडी कोसळून अख्खे उतार सोलून निघाले आहेत. घाटांत रस्ते रुंद होतात तेव्हा कापलेल्या कडा लाल होऊन उघड्या पडतात. या जमिनींवर बी कोण आणते, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

उत्तर दिलासा देणारे नाही. वारा आणतो रानमोडी. तिच्या म्हाताऱ्या हिवाळा संपता संपता कोकण-गोव्यातल्या हरएक उघड्या उतारावर उतरतात. बुलबुल आणतात घाणेरी. ट्रकची चाके, वाळू-खडीचे ढिगारे आणि धान्याची पोती आणतात काँग्रेस गवत, जे १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आता देशभर आहे. म्हणजे वाटा बंद झालेल्या नाहीत, चालू आहेत, फक्त त्या वाटांवरून परके येतात. सुर्त्सेवर जाणाऱ्या अभ्यासकांना कपडे आणि बुटांचे तळवे तपासावे लागतात. तिथे माणसाच्या विष्ठेतून उगवलेले टोमॅटोचे एक रोप सापडले तेव्हा ते लगेच काढून टाकण्यात आले. माणूस हाही वाहक आहे आणि सर्वांत बेफिकीर वाहक आहे, हे तिथे ओळखलेले आहे. आपल्याकडे खाणीच्या मातीवर माणूस जे आणतो त्याची निवड तो स्वतःच करतो, आणि ती निवड अनेक ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभळीची झाली. ती लवकर वाढते, उतार धरून ठेवते, दुरून हिरवी दिसते. पण रानातल्या पक्ष्याला तिथे येऊन बसावे, खावे असे फार थोडे असते. मग तो शेजारच्या रानातले बी घेऊन तिथे कशाला येईल?

दुसरीकडे आपले जड बी नेणारे कमी होत चालले आहेत. रानजायफळ, धूप यांसारख्या झाडांची बी बुलबुलाच्या चोचीत मावत नाही. ती गिळून, गर पचवून, मैलभर दूर नेऊन ओकून टाकणारा पक्षी म्हणजे धनेश, कोकणातला ककणेर किंवा माडगरुड. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची मोठी ढोली लागते. जुनी झाडे तुटली की ढोल्या जातात, ढोल्यांबरोबर धनेश जातो, आणि मग शेजारी उत्तम देवराई असली तरी तिच्यातले जड बियांचे वृक्ष त्या देवराईच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाहीत. उघडा उतार आणि देवराई यांच्यात अर्ध्या कोसाचे अंतर असते, पण धनेश नसेल तर ते क्राकाटोआच्या समुद्राइतके रुंद होते.

महाराष्ट्रात २०१६पासून दर पावसाळ्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. त्या मोहिमांमागच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. त्यात उतरलेली शाळकरी मुले, वनरक्षक, गावकरी मनापासून राबले. पण मोजणी झाली रोपांची. या उतारावर आता कोणते पक्षी येतात, त्यांच्या शिटीत काय असते, न लावलेली किती रोपे आपणहून उगवली, हे मोजले गेले पाहिजे होते. लावलेले रोप जगले की काम झाले असे नसते. त्याने दुसऱ्या झाडांचे बी तिथे ओढून आणले तर काम सुरू झाले. आणि काही जागा तर खड्डे खणण्याच्या नाहीतच. कोकण-सह्याद्रीतले जांभ्याचे सडे उघडे दिसतात, पण उन्हाळ्यात मरून पावसात उठणाऱ्या वनस्पतींचे ते पुरातन घर आहे, तिथे कुणी काही आणण्याची गरज नाही.

यावर कुणी म्हणेल, वाहक नाहीत ना, मग आपणच सगळी झाडे लावू. ते शक्य नाही. एखाद्या सदाहरित रानात वृक्ष, वेली, झुडपे, आमरी मिळून शेकड्यांनी जाती असतात. त्यांतल्या थोड्यांचीच रोपे रोपवाटिकेत मिळतात. थायलंडमध्ये चिआंग माई विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकापासून वेगळा मार्ग चालवला आहे. मूळ कल्पना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडची. सगळे रान लावायचे नाही. वीस-तीस निवडक स्थानिक जाती लावायच्या, ज्या लवकर सावली धरतात आणि लवकर फळतात. त्यांत वड-उंबराच्या कुळाला मानाचे स्थान. ही झाडे तण मारतात, पक्ष्यांना आणि वटवाघळांना बोलावतात, आणि बाकीच्या जाती ते पाहुणे आणतात. शेजारी जिवंत रान असेल आणि त्यात वाहक असतील तरच हे साधते, हेही तिथले लोक स्पष्ट सांगतात. आणि तिथेही सर्वांत जड बियांची झाडे आपणहून येत नाहीत, कारण ती नेणारी मोठी जनावरे आणि धनेश आता त्या डोंगरांत उरलेले नाहीत.

म्हणून खाणीच्या डोंगरावर किंवा दरडीच्या उतारावर काय लावायचे हे ठरवण्याआधी सर्वांत जवळचे जिवंत रान कुठे आहे, किती दूर आहे आणि त्याच्यात व या जमिनीत कोण ये-जा करतो, हे पाहिले पाहिजे. जवळ रान असेल तर उंबर, वड, नांद्रुक, भोकर, करवंद अशा फळणाऱ्या झाडांचे थोडे पुंजके पुरतात. रानमोडी उपटत राहायची आणि पक्ष्यांना बसायला वाळकी खोडे उभी ठेवायची. दूर असेल तर मधल्या बांधांवर, ओढ्याकाठी आधी झाडे हवीत. जड बियांच्या वृक्षांचे काम मात्र धनेश परत येईपर्यंत माणसालाच करावे लागेल, आणि ते कार्यालयाच्या वेळापत्रकात बसणारे नाही. यांतल्या बऱ्याच बिया साठवून टिकत नाहीत. झाडाखाली पडल्यापासून थोड्याच दिवसांत त्या ओल्या असतानाच मातीत गेल्या पाहिजेत. कोणत्या देवराईत कोणते झाड कधी फळते हे त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना ठाऊक असते. लागवडीच्या अंदाजपत्रकात रोपांच्या किमतीशेजारी त्यांच्या मजुरीचा रकाना असायला हवा.